चौदा बंद घरं

करंजपूर, जि. बीड
ता. १४ डिसेंबर १९८६, रविवार

तीर्थरूप जाईमावशीस, विशाखाचा जयभीम. वाचून दाखवणाऱ्या ज्ञानोबादाजींनाही जयभीम.

तुम्ही सगळे ऊसतोडीला गेल्यापासूनचं हे पहिलं पत्र. उशीर झाला. दोनदा लिहिलं आणि फाडलं, अक्षर नीट येत नव्हतं.

इकडे पाण्याचं फार कठीण झालं आहे. टँकर तीन दिवसांनी येतो. आधी पेठेत थांबतो, मग नाल्यावरच्या पुलावरून आपल्याकडे, तोवर तळाचा गाळ राहतो. पारूबाईंना आता नीट दिसत नाही, पण टँकरचा आवाज बरोबर कळतो. परवा ड्रायव्हरला म्हणाल्या, "का रं, चिखल तर दर खेपंला आणतूस, मासोळ्या कवा आणणार?" तोसुद्धा हसला. त्या दिवशी एक घागर जास्त मिळाली.

मागच्या ओळीत तुमच्या चौदाही घरांना कुलपं आहेत. टोकाला पारूबाई, त्यांची शेळी आणि मी. बाबा परळीला थर्मलच्या कामावरच आहेत, महिन्यातून एकदा येतात. संध्याकाळी ऑफिसातून येताना ओळीतून चालते, तेव्हा माझ्याच चपलांचा आवाज मला ऐकू येतो. मग मी सावकाश चालते.

तुझ्या घराची किल्ली आईच्या फोटोच्या खिळ्याला असते. एक दिवसाआड उघडते, झाडते, बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावते. चुलीमागे घुशीनं उकरलं होतं, तिथे दगड ठोकला. घर ठीक आहे.

नगरपालिकेचं काम चालू आहे. हेडक्लार्क मोहनराव म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, मार्चनंतर कायम करायचं बघू. आपली वस्ती आणि पेठेची मागची गल्ली पाडून रुंद रस्ता आणि दुकानांची इमारत करायची आहे. जे इथे राहतात त्यांना गृहनिर्माण सोसायटीचे सभासद करून नवी घरं देणार. त्यासाठीची पाहणी झाली, वही घेऊन मीच फिरले. काही नक्की ठरलं की लिहीन.

कोयता जपून चालव. गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
विशाखा


करंजपूर
ता. ११ जानेवारी १९८७

तीर्थरूप जाईमावशीस, जयभीम.

तुझं पत्र पोचलं. दाजींनी तुझे शब्द जसेच्या तसे उतरवले आहेत, त्यामुळे वाचताना तू समोर बसून बोलतेस असं वाटलं. "तूच वही घिऊन फिरलीस, मग आमाला कशाची काळजी? मी टोळीतल्या बायांना सांगून टाकलं, पोरगी आपली हाय, लिवणं आपल्या हातात हाय." हे मी पुष्कळ वेळा वाचलं.

तू विचारलंस, नव्या घरांची यादी लागली का. लागली आहे. फळ्याजवळ गर्दी असते. नीट पाहून कळवते.

एक गोष्ट कबूल करायची आहे. तुझ्या फळीवरची काचेची बरणी झाडताना माझ्या हातून फुटली. लोणचं नव्हतं, रिकामीच होती. पण तू ती गेवराईच्या बाजारातून पदरात गुंडाळून आणली होतीस, हे मला माहीत आहे. मला क्षमा कर.

ऑफिसात जाताना मी पाण्याची बाटली घरून नेते. पारूबाई म्हणाल्या, "टँकरचं पाणी पुरंना, अन् तू तिकडं कावून नेतीस? तिथं माठ न्हाई का?" मी म्हटलं, तिथलं पाणी बाधतं. त्या म्हणाल्या, "आमाला बी बाधायचं."

दुसरं विशेष काही नाही.

तुझी,
विशाखा


करंजपूर
ता. १ फेब्रुवारी १९८७

तीर्थरूप जाईमावशीस,

जयभीम लिहायला हात धजत नव्हता, पण तो तरी लिहिते. जयभीम.

ज्ञानोबादाजी, एक विनंती आहे. हे पत्र मावशीला आधी एकटीला वाचून दाखवा. पुढे मी सांगेन तिथे थांबा.

मावशी, बरणीचं लिहिलं ते खरं होतं. पण त्या दिवशी मला लिहायचं होतं ते दुसरंच.

यादीत तुझं नाव नाही. चौदा घरांपैकी एकाचंही नाही. वहीत तुमच्यापुढे "बंद" असं लिहिलं आहे, आणि ते मी लिहिलं आहे.

आता सगळं क्रमानं लिहिते, म्हणजे काही सुटायचं नाही.

पाहणीचा नियम असा होता, की प्रत्येक घराला तीन वेगळ्या दिवशी भेट द्यायची. तिन्ही वेळा घरात माणूस नसेल, तर "बंद" लिहायचं. बंद म्हणजे तिथे कोणी राहत नाही. नोव्हेंबरात मी तुमच्या ओळीत तीनदा गेले. म्हसोबाच्या लिंबापासून सुरुवात केली आणि एकेक दार वाजवलं. पहिल्या दिवशी तुझंही दार वाजवलं. कडी वाजवून मी बाहेर उभी राहिले, जसं काही आतून तू "कोण हाय?" म्हणणार होतीस. तेव्हा तुझ्या घराची किल्ली माझ्या पिशवीत होती. आदल्याच संध्याकाळी मी मेणबत्ती लावून कुलूप घातलं होतं.

दुसऱ्या दिवशीही वाजवलं. तिसऱ्या दिवशीही. मग लिहिलं, बंद.

का लिहिलं, ते मला कोणी विचारलं नाही, पण तू विचारशील. मला भीती वाटली. ऑफिसात सगळे म्हणतील, ओव्हाळाच्या पोरीला वही दिली आणि तिनं पहिल्यांदा आपल्या मावशीचं घर घातलं. आपल्या वस्तीतून त्या ऑफिसात बसलेली मी पहिलीच. माझ्या अक्षरावर कोणाचं बोट उठू नये, एवढंच मला दिसत होतं. तुझं घर नियमानं बंद लिहिलं, म्हणून बाकीची तेरा लिहिताना मला अडखळायला झालं नाही. उलट मला वाटलं, आपण फार सचोटीनं वागलो.

त्याच आठवड्यात पेठेची मागची गल्ली केली. तिथे चार घरांना कुलपं होती. पाणी नाही म्हणून ती माणसं पुण्याला, औरंगाबादला मुलांकडे गेली होती. तिथेही मी तीनदा गेले आणि वही मोहनरावांपुढे ठेवली. ते म्हणाले, "अगं, ही बंद कशी? गावाला गेलेत ते. पाऊस पडला की येतील. राहते लिही."

मी म्हटलं, "साहेब, मग आमच्या ओळीतली माणसंही गावालाच गेली आहेत. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की येतील."

मोहनराव हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाला हसतो तसं. "पोटामागं फिरणारी माणसं ती. आज हितं, उद्या तिथं. त्यांचं कुठलं आलंय गाव?"

मावशी, मी तेव्हा पेन खाली ठेवायला हवं होतं. मी चार घरांपुढे "राहते" लिहिलं. त्याच पेनानं, त्याच दुपारी.

आई गेली तेव्हा मी दुसरीत होते. मला तोडीला बरोबर नेलं तर शाळा बुडेल, म्हणून तू मला पारूबाईंकडे ठेवलंस. गाडी निघताना माझ्या मुठीत किल्ली दिलीस आणि म्हणालीस, "घर तुज्या हवाली. आमी न्हाई असं कुणाला वाटू देऊ नगंस." दरवर्षी दसरा झाला की मी ती किल्ली घेत आले. कुलूप असलेल्या घरात माणसं राहतात, हे साऱ्या तालुक्यात मला जितकं माहीत आहे तितकं कोणाला माहीत असेल? आणि ती शाळा शिकून मी काय लिहिलं, ते वर लिहिलंच आहे.

आता पुढचं. तुमच्या दारांवर नोटिसा चिकटवल्या आहेत. पंधरा मार्चला पाडणार. तुमचा पट्टा पडायच्या आधी. तुम्ही परत याल तेव्हा कुलूप लावायला दार राहणार नाही.

बीडहून एक वकीलसाहेब आले होते. नवी घरं मिळाल्याशिवाय पाडू नये, म्हणून वस्तीतल्या पुढच्या ओळीनं त्यांना बोलावलं. पेठेतली बंद घरं राहती आणि आपली बंद घरं ओसाड, हा भेदभाव आहे, असाही दावा करायचा, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पण हे सांगणार कोण? वही तर त्यांच्या कपाटात." सगळे खाली बघत होते. कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही. माझी लाज त्यांनी राखली, आणि तेच मला सहन झालं नाही.

मी शुक्रवारी प्रतिज्ञापत्र दिलं. पेठेतली चार घरं, आपली चौदा, मोहनरावांचे शब्द, माझे शब्द. वकीलसाहेबांनी विचारलं, "किल्लीचं लिहायलाच पाहिजे असं नाही. त्यात तुमचीच नाचक्की आहे. लिहू का?" मी म्हटलं, लिहा. जे घर कोणी एक दिवसाआड झाडतं, ते घर ओसाड कसं? एवढा एकच पुरावा माझ्याजवळ आहे.

काल ऑफिसात गेले. माझ्या टेबलावर दुसरी मुलगी बसली होती. मोहनराव मान वर न करता म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं होतं गं. कुठं वापरावं, ते कळलं न्हाई." मी बाटली उचलली आणि घरी आले. बाबांना अजून कळवलेलं नाही. कायमच्या नोकरीचं त्यांनी साऱ्या कॉलनीत सांगितलं आहे.

पारूबाईंना मी पाहणीचं सगळं सांगितलं. शेळीला पाजायला ठेवलेल्या पाण्यातलं अर्धं त्यांनी मला दिलं आणि पाठ करून बसल्या.

ज्ञानोबादाजी, इथे थांबा. आता सगळ्यांना बोलवा. माणसं फडातून येऊन पाणी पिऊन बसली, की वरपासून पुन्हा मोठ्यानं वाचा. माझं नाव गाळू नका. मावशीनं त्यांना सांगितलं होतं, लिहिणं आपल्या हातात आहे. तर त्या हातानं काय केलं, तेही त्यांनी ऐकायला हवं. मावशीला कोणी बोलू नये. तिनं किल्ली दिली होती, वही दिली नव्हती.

सोबत दाव्यात सामील होण्याचे चौदा कागद आहेत. प्रत्येकावर नाव लिहिलं आहे. नाव वाचून ज्याचं त्याला द्या, डाव्या अंगठ्याचा ठसा घ्या आणि साक्षीदार म्हणून तुम्ही सही करा. वीस तारखेच्या आत कागद बीडला पोचले, तर ही घरं दाव्यात येतील आणि पाडणं थांबवायला सांगता येईल. पोचले नाहीत, तर दावा पुढच्या ओळीपुरताच राहील. यश येईल का, हे वकीलसाहेबही सांगत नाहीत. ज्याचा माझ्यावर विश्वास उरला नसेल, त्यानं कागद आधी दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावा. मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण ते मान्य आहे.

मावशी, आजही मी तुझ्या घरी जाऊन आले. दारावरची नोटीस मी काढली नाही, काढली तर गुन्हा होईल. तिच्या बाजूनं कुलूप उघडलं, झाडलं, मेणबत्ती लावली. बरणीची जागा फळीवर तशीच रिकामी ठेवली आहे.

क्षमा मागत नाही. बरणीसाठी मागितली होती, तेवढी पुरे. माझ्या हातची मेणबत्ती नको असेल, तर दोन ओळी लिहवून पाठव, मी किल्ली पारूबाईंकडे देईन. तुझं उत्तर येईपर्यंत लावत राहीन.

खाली सही तीच आहे, जी वहीच्या प्रत्येक पानावर आहे.

विशाखा माणिकराव ओव्हाळ
पाहणी करणार