आजोबा कुठे गेले?

ताई, लांबूनच पाया पडते.

परवा सकाळी मी भांडी विसळत होते आणि चार वर्षांची नात चमचे पुसून देत होती. पुसता पुसता तिने विचारलं, "आजी, आजोबा कुठे गेले?"

मी तोंड उघडणार, तोच सूनबाई आतून ओरडल्या, "इंग्लिशमध्ये विचार!" त्या इंग्रजी घेऊन एम.ए. झाल्या आहेत आणि नातीच्याच शाळेत शिकवतात. शाळा दोन भाषांची म्हणे, पण घरी इंग्रजीच बोला असा त्यांचा फतवा! पोर हातातला चमचा ठेवून निघून गेली.

"आई, तिच्या करिअरचा प्रश्न आहे," चिरंजीव म्हणाले. तिला अजून नाक पुसता येत नाही, आणि म्हणे करिअर! शब्दकोश शेजारी ठेवून मीही इंग्रजी पुस्तकं वाचते गं. पण हे गेल्याचं त्या भाषेत मला सांगता येत नाही, आणि या शिकलेल्यांना ते सांगावंसंच वाटत नाही. कसली डोंबलाची विद्या!

काळजी करू नकोस, मी मजेत आहे. तुझी कंबर कशी आहे? भाऊजी औषध घेतात ना वेळेवर?

दुसऱ्या दिवशी मी नातीला मांडीवर घेतलं आणि तिचे आजोबा कसे गेले ते सूनबाईंच्या देखत आपल्या भाषेत सांगितलं.

तुझी,
धाकटी