शालनबाईंची न छापलेली दोन पानं

मी, शालनबाई रंगनाथ घुले, वय ६९, मूळची बीडची, चाळीस वर्षं दापोडीची, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. पण कायद्याला डोकंच लागतं. कोणाच्या धाकाने लिहीत नाही. धाक घालायचे दिवस गेले.

१. राहती खोली मुलगा समाधान आणि सून विजयश्री, दोघांच्या नावे निम्मी निम्मी. समाधानने तोंड वाकडं करू नये. माझ्या ऑपरेशनच्या वेळी उशाशी कोण होतं ते त्याला ठाऊक आहे.

२. शिलाई मशीन विजयश्रीला. कुरकुरतं, पण चालतं.

३. ठेकेदार गणराजशेठ यांना आमच्या हकिकतींच्या पुस्तकाची एक प्रत. "झाडूवाल्या बायकांचं कसलं आलंय पुस्तक!" असं म्हणून ते हसले होते. पान अठ्ठेचाळीसवर ते स्वतः आहेत. चष्मा लावून वाचावं.

४. माझ्या तीन वह्या प्राध्यापक स्वरूपा मॅडमना. त्या आकुर्डीच्या कॉलेजात शिकवतात. चाकणच्या कंपन्यांत ठेक्यावर राबलेल्या आम्हा एकतीस बायकांच्या हकिकती त्यांनी टेप केल्या. शिकलेली माणसं येतात, फोटो काढतात, जातात, असा माझा समज. पण या बाईने पहिल्याच रविवारी समाजमंदिरात आम्हाला बसवून, लिहिलेलं आम्हालाच वाचून दाखवलं. "शालनबाईंनी सारा अन्याय मुकाट सोसला" असं आलं, तशी मी उठले. "अहो मॅडम, मुकाट? सुपरवायझरला घातलेल्या शिव्या ऐकून तुम्हीच हसलात की!" बायका खो खो हसल्या. मॅडमचा चेहरा लाल झाला, पण तिथल्या तिथे त्यांनी ती ओळ खोडली आणि म्हणाल्या, "चूक माझी. तुम्ही सांगाल तेच राहील." तेव्हापासून नियम पडला की सगळ्यांसमोर मोठ्याने वाचल्याशिवाय, आणि जिची हकिकत तिने हो म्हटल्याशिवाय, काही छापायचं नाही. आता मोठमोठ्या सभांना त्या जातात तेव्हा आमच्यातली एक मंचावर त्यांच्या शेजारी बसते. अशी विद्या मी दुसरी पाहिली नाही. त्या बाईला माझा नमस्कार.

५. माझ्या हकिकतीतली दोन पानं पुस्तकात नाहीत. रविवारच्या वाचनाआधी मीच काढायला लावली. मॅडमनी कारण विचारलं नाही. २००९ साली प्रेस मशीनवर आमच्यातल्याच पूनमच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मशीनचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून असलेली जाळी, सुपरवायझरने काढायला लावला होता. मी तिथेच झाडत होते, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गणराजशेठ म्हणाले, "नोकरी पाहिजे ना?" आणि "गार्ड पूनमनेच काढला" या कागदावर मी सही केली. तिचीच चूक ठरली, तिला घरी बसवलं. पोरगी बावीस वर्षांची होती. मला माझी लाज वाटते. ही पानं माझ्या मरणानंतर मॅडमनी पूनमला वाचून दाखवावीत. छापायची की नाही ते पूनमने ठरवावं.

दुरुस्ती: वरचं कलम पाच मी आज रद्द करते. पूनमचं नाव या कागदावर असावं म्हणून साक्षीदार तिलाच बोलावलं. साक्षीदाराने नुसती सही करायची, वाचायचं नसतं, असं वकील म्हणाले होते. तोंडाने सांगायचा धीर नव्हता, म्हणून मला ते बरंच वाटलं. पण आमच्या रविवारच्या बायका न वाचता सही करत नाहीत, हे मी विसरले. तिने मोठ्याने वाचायला घेतलं. पाचवं कलम तिने दोनदा वाचलं. मग कागद खाली ठेवून म्हणाली, "मावशी, मला वाटायचं, कोणी पाहिलंच नाही. तुम्ही मेल्यावर मी कोणाशी भांडू? येत्या रविवारी उभ्या राहा आणि तुमच्या तोंडाने सांगा. मी पुढेच बसते. माफ करायचं की नाही ते तेव्हा बघू."

खोडलेलं वाचता येईल असंच खोडलं आहे. रविवारपर्यंत मला मरायला सवड नाही.

सही: शालनबाई रंगनाथ घुले
दापोडी, गुरुवार, ९ जानेवारी २०२५

साक्षीदार:
१. ज्योतीराम गायकवाड, शेजारी
२. पूनम साळवे, सर्व वाचून, डाव्या हाताने