मी शोधलेली लोखंडाची खाण

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून डायरी. मोठ्या माणसांना ही सवय असते म्हणे. आपण आधी सवय लावून घ्यायची, मोठेपण मागून येईलच. शाळा सातवीत सुटली, पण अक्षर माझं पहिल्यापासून झकास.

बातमी अशी की दुर्बीण बाप होणार आहे. रजेवर चाललाय. दुर्बीण म्हणजे आमचा मशीनवाला. विजेच्या खांबांची लाइन कुठून जाणार ते तो मशीनमधून बघतो आणि मी समोर लांब लाल-पांढरी काठी धरून उभा राहतो. हलायचं नाही. नाकावर माशी बसली तरी नाही. इथे आल्यापासून मी फक्त न हलण्याचं काम करतोय.

साहेब म्हणाले, तो येईपर्यंत मशीन तू चालव. टेकडीवरच्या दवाखान्यापर्यंत लाइन नीट गेली तर कायमचा मशीनवाला. नाही गेली तर... पुढचं मी ऐकलं नाही. गरजच नव्हती.

संध्याकाळी ताईला फोन. ती रडायलाच लागली. मागून दाजी ओरडले, त्याला म्हणावं टायरच्या दुकानात पंक्चरवाल्याची जागा अजून रिकामी ठेवलीय. दाजींच्या मते माझं हे कामही आधीच्या सगळ्या कामांच्या वाटेने जाणार. ताईने मात्र त्यांना ठणकावून सांगितलंय की माझा भाऊ या वेळी टिकणार. म्हणजे आता टिकणं आलं.

संकल्प: पुन्हा आयुष्यात टायरला हात लावायचा नाही.

३ फेब्रुवारी

दुर्बीणने मशीन शिकवलं. हातात मावतं. डोळ्याला लावायचं, भिंगातला लाल ठिपका काठीवर आणायचा, बटण दाबायचं. आतून लेझर जातो आणि काठीला लागून परत येतो. लगेच अंतर दिसतं. शिवाय आत डिजिटल होकायंत्र आहे, ते दिशेचा आकडा देतं. उत्तर म्हणजे शून्य, पूर्व म्हणजे नव्वद. आपली लाइन बहात्तरवर. आकडा बहात्तर येईल त्या दिशेला सरळ जायचं, खुंट्या ठोकत. बस्स. यासाठी हा माणूस इतकी वर्षं भाव खात होता.

नियम त्याने दहा वेळा सांगितला. होकायंत्र लोखंडाला बिथरतं. जीपपासून लांब उभं राहायचं. मोबाइल, किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, सगळं काढून ठेवायचं. आणि रोज सकाळी मशीन सगळ्या बाजूंना वळवून वळवून कॅलिब्रेट करायचं. करून दाखवलं. माणूस अंगावरची माशी हाकलतोय असं दिसतं. खड्डे खणणारी पोरं फिदीफिदी हसत होती. हे आपण करणार नाही. इज्जत महत्त्वाची.

मॅन्युअलही दिलं. जाड आहे. उशीखाली घातलं, मान छान टेकते.

६ फेब्रुवारी

काठी धरून धरून उजवं मनगट दुखतं, असं ताईला बोललो होतो. आज पार्सल. चुंबकाचं कडं! तिच्या शेजारणीच्या सासूचा गुडघा अशाच पट्ट्याने सुटला म्हणे. लगेच मनगटात चढवलं. जड आहे, पण रुबाब काय! आरशात दोनदा पाहिलं. असं कडं घातलेल्या माणसाला कोणी काठी धर म्हणेल का?

९ फेब्रुवारी, सोमवार

दुर्बीण गेला. मशीन माझं.

नियम म्हणजे नियम. मोबाइल काढला, किल्ल्या काढल्या, पट्टा काढला. पँट सुटायला लागली. डाव्या हाताने पँट, उजव्या हाताने मशीन. मुकादम म्हणाला, तुम्ही नक्की काय धरणार ते एकदा ठरवा. मुकादम खड्डेवाल्यांचा प्रमुख आहे, त्याला तंत्रज्ञान कळत नाही.

कडं काढलं नाही. ते काही लोखंड नाही, औषध आहे.

काठी धरायला मुकादमाने त्याच्या पोरांतला एक दिला. सारखा हलतो. त्याला ओरडलो. ओरडताना फार बरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत खुंट्यांची रांग अशी सरळ, की केसांत पाडलेला भांगच. प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर एक खिळा ठोकायचा असतो. ध्यानात आलेली गोष्ट: खिळे आता डब्यात शोधावे लागत नाहीत. हात घातला की आपणहून मनगटाला येऊन बसतात. कामावर पकड आली की असं होत असावं.

मनगटाचं दुखणं तसंच.

१२ फेब्रुवारी

मुकादम उंचवट्यावर चढून आला आणि म्हणाला, वरून दवाखाना दिसतो आणि तो उजवीकडे राहतोय. आपण डावीकडे चाललोय. मी शांतपणे सांगितलं की बाबा, डोळा फसवतो, लेझर फसवत नाही. तो म्हणाला, दवाखान्याला रंग दिलाय, मोठा आहे, मी वीस वर्षं दवाखाने बघतोय. मी म्हणालो, खणा.

तो खणायला गेला, पण जाताना पोरांना काहीतरी म्हणाला. पोरं बराच वेळ हसत होती.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आजची शेवटची खुंटी एका आजींच्या अंगणात आली. चूल आणि कोंबड्यांचं खुराडं यांच्या बरोब्बर मध्ये. आजी बाहेर आल्या. विचारलं, हे काय? म्हटलं, आजी, इथे विजेचा खांब येणार. आजी म्हणाल्या, मी तर अर्ज केला नव्हता. म्हटलं, मशीनने ठरवलंय. आजींनी मशीनकडे पाहिलं, मग माझ्या पँटकडे, आणि आत निघून गेल्या.

संध्याकाळी परत गेलो तर खुंटीला बकरी बांधलेली. आजी खूष. म्हणाल्या, आधीची खुंटी ही उपटून पळायची, तुझी पक्की आहे हो. म्हणजे काम मजबूत आहे, हे लोकांना दिसतंय.

१८ फेब्रुवारी

साहेबांचा फोन. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलंय की खांब कुठे आहेत, औषधांचा फ्रिज कधीपासून येऊन पडलाय. साहेब म्हणाले, पुन्हा तपास. मी पुन्हा तपासलं. बहात्तर. पुन्हा बहात्तर. मशीन दर वेळी तेच सांगतंय तर अजून काय तपासणार?

तरी मनात किडा वळवळला. आजींच्या अंगणाबाहेरून जाणारा रस्ता नकाशात सरळ उत्तरेला जातो. रस्त्याच्या मध्ये उभं राहून मशीन लावलं. शून्य यायला पाहिजे. बारा आलं.

रस्ता चुकीचा बांधलाय. बांधकाम खातं काय झोपा काढत होतं?

२० फेब्रुवारी, जेवताना

सापडलं!!

घास हातातच राहिला. अरे, दुर्बीणच म्हणाला होता ना, होकायंत्र लोखंडाला बिथरतं. मी अंगावरचं सगळं लोखंड काढलं. जीप लांब. मग ते बिथरतं कशाने? पायाखालच्या लोखंडाने! जमिनीत लोखंड आहे. खाण आहे खाण!

आणि इतकी वर्षं दुर्बीण याच जमिनीवरून मशीन घेऊन फिरला. त्याला कळलं नाही. मला कळलं. सातवी.

२१ फेब्रुवारी

खाणीची हद्द मोजायला घेतली. खांबांचं काम थोडं थांबवलं. देशहित आधी.

अंगणात लोखंड. ओढ्याच्या पलीकडे लोखंड. न्हाव्याच्या दुकानासमोर लोखंड. आमच्या खोलीच्या दारात लोखंड. दोन कोस चालत गेलो, तिथेही तेवढंच. कुठेही उभा राहा, आकडा सरकलेलाच. खाण इतकी अफाट की जणू मी जाईन तिथे मागे मागे येते. अजून एकही बाजू संपलेली सापडली नाही.

एकदा मुकादमाच्या हातात मशीन दिलं तर आकडा बरोबर आला. त्याला बटण नीट दाबता येत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

राहवलं नाही. ताईला सांगितलं की लवकरच मोठी बातमी कानावर येईल, आत्ता फोडू नकोस. किती मोठी, म्हणाली. म्हटलं, जमिनीखालची. तासाभरात तिचाच फोन. गल्लीत सगळ्यांना कळलंय. दाजी दुकान सोडून घरी आलेत आणि गप्प बसलेत. दाजी गप्प! दहा वर्षांत हे पहिल्यांदा.

ताई म्हणाली, मी सांगत होते ना त्यांना.

खाणीवर साहेब झालो की दाजींना टायरचं मोठं दुकान काढून देणार. खाणीचे ट्रक असतीलच, पंक्चर होतीलच. त्यांनी माझी जागा राखून ठेवली होती, मी त्यांची ठेवीन. मनात काही धरायचं नाही.

२४ फेब्रुवारी

साहेबांना फोनवर सांगितलं. साहेब म्हणाले, तू कुठे आहेस? म्हटलं, खाणीवर. म्हणाले, तिथेच थांब, कशालाही हात लावू नकोस, उद्या येतो.

उद्या. शर्टाला इस्त्री केली. कडं राखेने घासून चकचकीत केलं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज काही लिहावंसं वाटत नाही.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळ

लिहितो. डायरीला नियम असतो.

साहेब आले. बरोबर दुर्बीण. त्याला मुलगी झाली. सगळे आजींच्या अंगणात. आजींनी खाट टाकली, बकरी बाजूला केली. मी खाणीबद्दल दोन शब्द बोललो. आधीच ठरवून ठेवले होते. डॉक्टरीणबाईंच्या फ्रिजपासून सुरू करून राष्ट्रापर्यंत.

साहेबांनी ऐकून घेतलं. मशीन घेतलं, रस्त्यावर उभे राहिले, बटण दाबलं. शून्य. दुर्बीणने दाबलं. शून्य. मी दाबलं. बारा. साहेब म्हणाले, पुन्हा. शून्य, शून्य, बारा. आजी म्हणाल्या, मला देता का? आजींचंही शून्य.

मी म्हणालो, साहेब, लोखंड माझ्या उभं राहण्याच्या जागी जास्त असेल. साहेब येऊन माझ्या जागी उभे राहिले. शून्य.

साहेब म्हणाले, जाऊ दे, लाइन नव्याने टाकू, खुंट्या काढ, खिळ्यांचा डबा आण. डबा आणला, झाकण काढलं, सवयीने हात आत घातला आणि बाहेर काढला.

मनगटभर खिळे. सगळ्या बाजूंनी उभे. हात साळिंदरासारखा दिसत होता.

बकरी ओरडली. मग मुकादम अगदी आदराने म्हणाला, साहेब, खाण सापडली.

पुढचा अर्धा तास काय झालं ते लिहीत नाही. हसण्यात तपशील नसतो. आजी तर खाटेवर आडव्या झाल्या. साहेबांनी चष्मा पुसला, माझ्या हातातून कडं काढलं, जीपच्या दाराला लावलं. तिथेच चिकटून बसलं. ओढलं तरी निघेना.

एकच सांगतो. दुर्बीणने नियम सांगताना कड्याचं नाव घेतलं नव्हतं. तेव्हा ते आलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

२६ फेब्रुवारी

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, हे सगळे खड्डे तू एकट्याने बुजवायचे. मग काठी धरायची असेल तर धर, नाहीतर घरी जा.

घरी म्हणजे टायर. आणि ताईने काय तोंड दाखवायचं?

दिवसभर फावडं. खड्डे खोल आहेत. एवढे खोल कोणी खणायला सांगितले होते? मीच.

आजींची खुंटी तेवढी राहिली. आजी सोडायला तयार नाहीत. साहेब म्हणाले, राहू दे, तेवढी एक बरोबर जागी आहे.

१ मार्च, रविवार

ताईचा फोन उचलला नव्हता. आज उचलला. म्हटलं, ताई, मशीन सोडलं. ते फार हलकं आहे, माझ्या हाताला वजनाची सवय. काठीच बरी. आणि खाणीचं... ती बंद पडली.

ती म्हणाली, पण काम आहे ना? म्हटलं, आहे. टिकलास ना? म्हटलं, टिकलो. म्हणाली, मग झालं तर. मनगट कसं आहे? म्हटलं, दुखणं साफ थांबलं. खड्डे बुजवून पाठ इतकी धरलीय की मनगट आहे हेच विसरलोय.

मग फोन दाजींनी घेतला. मी डोळे मिटले. आता टायर.

दाजी म्हणाले, गुण आला ना कड्याचा? येणारच. बाजारातलं कडं अगदीच लेचंपेचं होतं. तुझ्या ताईला माहीत नाही, पण जमिनीवरचे खिळे गोळा करायचं आपल्या दुकानातलं मोठं चुंबक होतं ना, ते फोडून मी त्यात बसवलं. म्हटलं, पोरगा लांब राहतो, हलकी वस्तू कशाला पाठवायची. दुकानात आता खिळे हाताने वेचतो मी. वेचेन, त्यात काही बिघडत नाही.

म्हटलं, दाजी, फार पॉवरफुल आहे.

खूष झाले. म्हणाले, डाव्या हाताचंही पाठवलंय. कालच पोस्टात टाकलं.

५ मार्च

पार्सल आलं. पेटीच्या तळाशी, कपड्यांखाली ठेवलं. पेटी लोखंडी आहे, कडं तळाला असं चिकटलंय की निघत नाही. बरंच आहे.

नवी लाइन दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचली. शेवटची खुंटी होती. डॉक्टरीणबाई पायरीवर येऊन उभ्या. दुर्बीण लांब, डोळ्याला मशीन लावून. मी काठी धरून. त्याने बटण दाबलं, आकडा बघितला आणि तिकडून ओरडला, बरोब्बर!

काठी मी धरली होती. नाकावर माशी होती. हललो नाही.