टॉवेल फेकणारी

प्रिय ठमे,

तुझी आई म्हणते, चार ओळींत आटपा, पोरगी आधीच वैतागलेली आहे. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या माणसाला हे सांगून काय उपयोग?

इंग्रजीत ‘थ्रो इन द टॉवेल’ असा एक वाक्प्रचार आहे. मी वर्गात अर्थ सांगायचो : हात टेकणे, हार मानणे. वाक्यात उपयोग करा म्हटलं की मुलं लिहायची, ‘गणित सुटेना, म्हणून मी टॉवेल फेकला.’ मी पूर्ण मार्क द्यायचो. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. पण हा वाक्प्रचार आला बॉक्सिंगच्या रिंगणातून, आणि तिथे लढणारा टॉवेल फेकत नाही. त्याच्या कोपऱ्यात उभा असलेला प्रशिक्षक फेकतो. हे मी तुझ्यामुळे प्रत्यक्ष पाहिलं.

अंतिम सामन्याला मी रिंगणाच्या अगदी जवळ बसलो होतो. तुझी लाडकी शिष्या, आपली मुंगी, एवढीशी चण पण काय चपळ! गुणांनी पुढे होती. शेवटची फेरी निभावली की सुवर्णपदक. सगळा हॉल ओरडत होता, मीही घसा बसेपर्यंत ओरडत होतो. मग डावीकडून येणारे ठोसे तिला दिसेनासे झाले. आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. तुझ्या आलं. तू टॉवेल उचललास, क्षणभर छातीशी धरलास आणि आत भिरकावलास.

लोकांनी हुर्यो उडवली. मुंगीनं तुझा हात झिडकारला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, ताई, तुम्ही माझा घात केलात. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, कोण हो ही भित्री बाई? मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, माझी मुलगी! इतक्या मोठ्यानं मी कधी वर्गातसुद्धा बोललो नसेन.

तू मात्र कुणाला काही समजावत बसली नाहीस. क्लबची किल्ली अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलीस आणि परगावच्या व्यायामशाळेत नोकरीला लागलीस. स्वभाव माझा नाही हा. मी तासभर भाषण ठोकलं असतं.

आज दुपारी मुंगी घरी आली. डाव्या डोळ्यावर पट्टी. डोळ्याचा पडदा सुटायला लागला होता, ऑपरेशन झालं. आणखी एक ठोसा बसला असता तर डोळा गेलाच असता, असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं. नजर परत येईल, पण आता रिंगणात उतरायचं नाही. तुझ्या आईनं पाठीवरून हात फिरवला तशी पोर ढसाढसा रडली. डोळे पुसायलाही घाबरत होती बिचारी. मग म्हणाली, काका, ताई माझा फोन घेत नाहीत, तुम्ही लिहा. सामना कधी थांबवायचा हे कसं ओळखायचं, ते मला ताईंकडून शिकायचंय. मलाही प्रशिक्षक व्हायचंय. त्या शिकवतील का? ती इथंच बसली आहे, पत्र पोस्टात पडलेलं बघितल्याशिवाय हलणार नाही म्हणते. तिला काय ते तूच सांग. आम्ही तिला जेवायला थांबवलं आहे.

तुझेच,
छाती फुगवून गावभर हिंडणारे
बाबा