शिकागोहून आलेले पांढरे बूट

तेपेतोंगो, १७ मे १९९८

प्रिय बाबा,

तुमची तब्येत ठीक असेल असं धरून लिहितो. आईची कंबर आता दुखत नाही. छप्परही दुरुस्त झालं.

काल मारिसेलाचा पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा पार पडला. झगा फिकट गुलाबी होता, आणि घेर एवढा की चर्चच्या दारातून तिला तिरकं न्यावं लागलं. मुकुट तिच्या धर्ममातेने, ओफेलियामावशींनी घातला.

तुम्ही पाठवलेले उंच टाचांचे बूट फार सुंदर आहेत. फक्त लहान होते. तुम्ही शिकागोला गेलात तेव्हा ती बाहुल्यांशी खेळायची, तुम्हाला कसं कळणार? आई म्हणाली, "बाजारातून दुसरे आणू." मारिसेला ऐकेना. "बाबांचेच घालणार. नाहीतर सपाट बुटांतच म्हातारी होईन."

मग पिशवीत कोरडा राजमा आणि पाणी भरून ती रात्रभर बुटांत कोंबून ठेवली. दाणे फुगले, चामडं सैल झालं. हे एलिहिओकाकांनी केलं. आई करवादली, "आता जेवायला काय, बूट वाढू?" ते म्हणाले, "मला टाचेकडचे दाणे वाढ, जरा मुरलेले असतील."

हे नाव मी आजवर पत्रात लिहिलं नव्हतं. गावातल्या कुणीतरी तुम्हाला सांगितलंच असेल. ते आता आपल्याकडे, आईबरोबर राहतात.

तुम्ही फोनवर म्हणाला होतात, सपाट बूट काढून टाचांचे घालण्याचा मान बापाचा. तुमच्या जागी मी गुडघ्यावर बसायचं. मी बक्कल लावण्याचा सरावही केला होता. पण खुर्चीत बसल्यावर मारिसेला हळूच म्हणाली, "दादा, रागावू नकोस. काकांना बोलाव."

काका मागे पातेल्यांपाशी होते. म्हणाले, "मी? अगं, माझे हात मिरचीने माखलेत."

"मग धुवा. मी थांबते."

सगळा मांडव थांबला. ते हात धुऊन, पँटला पुसत आले. बूट सहज चढले. उभी राहिली तर ती त्यांच्याहून उंच. पहिला नाच ती त्यांच्याबरोबरच नाचली, एकदाही अडखळली नाही. फार आनंदात होती, बाबा. खरं सांगायचं तर मीही होतो.

सोबत फोटो पाठवतो. त्यात मारिसेला आहे, तुमचे बूट आहेत, आणि बक्कल लावणारे काकांचे हात आहेत. तेवढा भाग कापून टाकावा म्हणून मी कात्री घेऊन बसलो होतो. मग फोटो तसाच पाकिटात घातला.

अजूनही तुमचाच,
निकानोर