साडूपण चालू आहे का?

सातपूर, नाशिक

ती. वाल्मीकराव यांना सावळीरामचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकतील तेवढाच, बाकीचा समजून घ्यावा).

तुमचं पित्त कसं आहे? प्रतिभाताईंचा खांदा अजून दुखतो का? फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही ‘बोला’ म्हणता आणि मला बोलायचं काही आठवतच नाही. मग आपण हवेवर येतो, आणि सिन्नरची हवा सातपूरपेक्षा फारशी निराळी नसल्यामुळे तेही लगेच उरकतं.

उज्ज्वला गेल्यापासून वर्कशॉपमधलं लेथ मशीन बंदच आहे. (तिनं त्या मशीनला कधी हात लावला नाही, पण दुपारी तिचा डबा यायचा, म्हणून तोवर काम करायला कारण असायचं.) सकाळी घर खायला उठतं. म्हणून मी कोपऱ्यावरच्या पतसंस्थेच्या पायरीवर जाऊन बसतो. तिथं कोवळं ऊन असतं आणि वॉचमन पेपर देतो. गेल्या सोमवारी पायरी गार लागेल म्हणून घडीची खुर्ची नेली आणि पिशवीत उपम्याचा डबा घेतला. तिथंच चुकलं. मागं पलीकडच्या गल्लीतली एक संस्था बुडाली, तेव्हा लोक असेच पहाटे खुर्च्या आणि पिशव्या घेऊन ठेवी काढायला बसले होते. ही गोष्ट सगळ्या सातपूरच्या लक्षात होती, फक्त माझ्या नव्हती.

तेवढ्यात गिरणारे गावाहून भाजी घेऊन येणारी फुलाबाई थांबली. तिचे भाजीचे पैसे याच संस्थेत असतात. “का हो भाऊ, इतक्या लवकर येऊन बसलाय?” असं तिनं विचारलं. कितीतरी दिवसांनी कुणी आपणहून चौकशी केली, त्यामुळे मला भरून आलं. मी म्हणालो, “काय राहिलंय आता आत? सगळं रिकामं झालं.”

मी घराबद्दल बोलत होतो, वाल्मीकराव. ती संस्थेच्या दाराकडे बघत होती.

भाजीची पाटी तिथंच ठेवून ती माझ्या मागं उभी राहिली. मग रिक्षावाले आले, रात्रपाळी सुटलेले कामगार आले, रांग पार गिरणीपर्यंत गेली. मला खरा प्रकार कळला तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो की अहो, मी माझ्या घराचं म्हणालो. पण कुणी ऐकेना. संस्थेनंच मला तसं बोलायला लावलंय, असं ठरलं. तरी खरं सांगू का, वाईट वाटलं नाही. रांगेत पहिला म्हणून सगळे मला काका काका करत होते, कुणी चहा आणून दिला, कुणी गुडघ्याला लावायचं तेल सुचवलं. लोक ठेवी बुडणार म्हणून रडकुंडीला आलेले आणि मी मनातून खूश, याची लाज वाटते.

शाखेच्या मॅनेजर हर्षाली मॅडम आल्या. वय बेताचं, पण डोकं शांत. त्यांनी मागणाऱ्याचे पैसे द्यायला सुरुवात केली, तरी रांग हटेना. रोकड दुपारपर्यंत पुरली नसती. मग माझ्याकडून त्यांना सगळा घोळ कळला, बंद लेथसकट. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “काका, चांगली संस्थाही एका सकाळीत बुडू शकते. तुम्ही सुरू केलंत, आता तुम्हीच थांबवा.” आणि बाहेर येऊन मोठ्यानं विचारलं की सावळीरामकाका, तुमच्या लेथसाठी कर्जाचा अर्ज आजच घेऊ ना? मी मान हलवली. बुडणारी संस्था कर्ज कशी देईल, हे फुलाबाईला सगळ्यांच्या आधी पटलं. तिनं पाटी उचलली आणि रांग विरली.

मॅडम शब्दाच्या पक्क्या निघाल्या, कर्ज खरंच देतायत. मशीनला तेल घातलं, ते फिरलंसुद्धा. अडलंय ते जामीनदारावर. कोणाचं नाव सांगू, यावर मी बराच वेळ विचार केला आणि तुमचं सांगितलं. नातं, साडू. तेव्हा क्लार्कनं विचारलं, पत्नी हयात नाही म्हणता, मग साडूपण चालू आहे का? त्यानं नियमाचं विचारलं होतं, पण मी ‘विचारून सांगतो’ म्हणालो. वर्षश्राद्धानंतर तुम्ही आला नाहीत, मीही आलो नाही. बंद पडलेलं खातं चालू करायला माणसानं स्वतः यावं लागतं, असं तिथं भिंतीवर लिहिलंय.

प्रतिभाताईंना नमस्कार.

आपला (बहुतेक अजून)
साडू सावळीराम

ता. क. सहीला रविवारी या. पतसंस्था रविवारी बंद असते हे मला ठाऊक आहे. म्हणजे मुक्काम करावा लागेल.

ता. क. आणखी एक. सही तुमच्या सिन्नरच्या शाखेतही चालते, असं मॅडम म्हणाल्या. मला ते ऐकू आलं नाही.