नंदिनीचं उष्टावण

सातपूर, नाशिक
१२ नोव्हेंबर

ती. दादास,

संयोगिताचा नमस्कार. फोनवर बोलले तर आवाज चढेल, म्हणून लिहिते. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आक्काचा गुडघा कसा आहे? कोडोलीत ऊसतोड सुरू झाली का?

नंदिनीला सातवा महिना लागला. पहिला घास मामानं भरवायचा, म्हणून तुला बोलावलं. तू म्हणालास, "वरीस सरू दे की. पोरगी काय पळून जातीया व्हय?" मागून वहिनींचंही ऐकू आलं, "दुखवट्याच्या घरात कसलं उष्टावण?" तिचे वडील जाऊन चारच महिने झालेत, ते मला कुणी सांगायला नको होतं. पण बाळाची भूक वर्षभर थांबत नाही.

दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या, मुलं आपल्या हातानं खातात, आपण फक्त जवळ बसायचं. म्हणून रविवारी तिच्यापुढं उकडलेल्या भोपळ्याच्या मऊ फोडी ठेवल्या. तिनं एक उचलली, चुरडली, कपाळाला फासली आणि मग चोखली. एकदा ठसका लागला. घरात मी एकटीच होते. पण तो घास तिचा तिनंच बाहेर काढला. काळजी करू नका.

वर्ष सरल्यावर तुम्ही चांदीची वाटी घेऊन येणार, असं आक्का म्हणाली. जरूर या. मात्र भरवायची आशा धरू नकोस. दुसऱ्या कुणाचा हात पुढं आला की नंदिनी तोंड फिरवते.

आक्काला जप.

तुझी बहीण,
संयोगिता